मेंदीखालचे हात

मी एक जुनी प्रकाशपेटी आहे. जुनी खुशाल म्हणा, पण निकामी म्हणालात तर ऐकून घेणार नाही.

मित्रांनो, करक गावातल्या किल्ल्याखाली एक छोटा दवाखाना आहे. तिथे मी उभी असते. माझ्या पोटात चोवीस नळ्या आहेत. सोरायसिस झालेली माणसं डोळ्यांवर काळा चष्मा लावून माझ्या आत उभी राहतात आणि मी मोजून काही सेकंद त्यांच्या अंगावर निळसर उजेड सोडते. आठवड्यातून तीनदा, कित्येक महिने. चट्टे हळूहळू विरतात. सुरुवातीला माझं केवढं कौतुक होतं! मग नवी औषधं आली आणि माझ्या डोक्यावर जुन्या फायलींचे गठ्ठे येऊन बसले.

अशात नाजिहा आली. ती बाजारात उलट्या तव्यावर पातळ शराक रोट्या भाजून विकते. तिच्या कोपरांवर आणि हातांवर खवल्यांचे पांढरे चट्टे होते. गिऱ्हाइकं तिला टाळून शेजारणीकडे जाऊ लागली होती. हात बरे झाले नाहीत तर तवा बंद, इतकं ते सरळ होतं.

दोन महिने तिने एकही खेप चुकवली नाही. कोपरं स्वच्छ झाली, हात मात्र होते तसेच. डॉक्टर मुनीफ म्हणाले, "हिच्या नळ्या गेल्यात. भंगारात काढा हे धूड!"

मला असा संताप आला! कोपरं काय वाऱ्याने बरी झाली?

सिस्टर इंतिसारने उजेड मोजला. तो पुरेसा होता. मग तिने नाजिहाचे हात उलटेपालटे करून पाहिले. बोटांपासून मनगटापर्यंत गडद मेंदी.

"ही कधी लावतेस गं?"

"दर शुक्रवारी आत्या लावते. चट्टे दिसू नयेत म्हणून."

"अगं बाई! उजेड मेंदीतच अडकतोय, कातडीपर्यंत पोचेल कसा?"

दारातून आत्या कडाडली, "मग काय उघडे हात घेऊन बाजारात बसेल ही? लोक थुंकतील!"

"थुंकू देत, आत्या," नाजिहा म्हणाली. "झाकूनही गिऱ्हाईक गेलंच ना? आता नाही लावायची मेंदी."

मेंदी उतरेपर्यंत ती तशीच तव्यामागे बसली. कुणी तोंड फिरवलं की म्हणायची, "शिवून होत नाही हा आजार. रोटी हवी का नको, तेवढं बोला." सिस्टरला हे सांगताना ती हसायची. उघडी कातडी भाजू नये म्हणून सिस्टरने पुन्हा थोड्या सेकंदांपासून सुरुवात केली.

एके सकाळी नाजिहाने दवाखान्यात गरम रोट्या आणल्या. हातांवर चट्टे अजून होतेच. डॉक्टरांचा हात मध्येच थबकला.

"का हो डॉक्टर," आत्या म्हणाली, "शिवून होत नाही म्हणून तुम्हीच सांगता ना?"

डॉक्टर ओशाळले. त्यांनी रोटी घेतली आणि सगळ्यांसमोर खाल्ली.

उन्हाळ्यापर्यंत हात निवळले. पुढच्या हिवाळ्यात दोन चट्टे परतले, तेव्हा नाजिहा उघड्या हातांनीच आली. हा आजार असाच आहे, पुन्हा डोकं वर काढतो. मीही काही जागची हललेली नाही.

मित्रांनो, माझ्या नळ्या पुसत जा, उजेड मोजून बघा आणि मग मला नावं ठेवा. भंगारात काढायचंच असेल तर काढा. पण आधी बाजारात जा आणि नाजिहाच्या हातांवर चट्टे असतानाच तिची रोटी खाऊन या.