झाड फुलेपर्यंत

“मावशी, गावभर नाताळ झाला आणि तुमचा हंस अजून अंगणात मिरवतोय!” सायलस कुंपणावरून ओरडला. शेजारचा हा नालबंद मनानं चांगला, पण त्याच्या जिभेला हाड नव्हतं.

“सरकारचा झाला,” वाळुंजाच्या काड्यांची टोपली विणता विणता थॉमसिन म्हातारी फणकारली. “माझा व्हायचाय.”

त्या वर्षी सरकारनं पंचांग बदललं आणि सप्टेंबरातले अकरा दिवस गिळून टाकले. त्यामुळे नाताळ अकरा दिवस आधीच येऊन गेला. थॉमसिनचा अ‍ॅम्ब्रोस मात्र आला नाही. ब्रिस्टलला जहाजावर जाताना तो म्हणाला होता, “आई, नाताळाच्या जेवणाचा हंस मीच कापणार.” बरोबर निघालेली जहाजं परतली, त्याचं नाही. म्हातारीनं मनाशी एकच धरलं होतं, पोरगा खऱ्या नाताळाला येईल.

“खरा नाताळ चर्चमागचं झाड सांगेल,” ती म्हणाली. “येशूला स्वतःच्या थडग्यात जागा देणारा योसेफ इकडं आला, दमून त्यानं टेकडीवर काठी रोवली, तर काठीलाच फुलं आली. हे झाड तिच्याच वंशातलं. नाताळालाच फुलतं. त्याला कुठं कायदा वाचता येतो?”

“कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, मावशी,” सायलस बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

थॉमसिन रोज झाडापाशी जाई. कळ्या मिटलेल्या दिसल्या की तिला हायसं वाटे. घरी मात्र हात चालत नसत. विणलेली टोपली ती उसवे, रस्त्यावर चाहूल लागली की दारात धावे.

जुन्या नाताळाच्या सकाळी सगळा गाव झाडाभोवती लोटला. फांदीफांदीवर पांढरी फुलं होती.

“मावशी जिंकल्या! सरकार हरलं!” लोकांनी टोप्या उडवल्या.

म्हातारीला ती फुलं बघवेनात. आणखी एक दिवस मिटून राहिली असती तर काय बिघडलं असतं, असं तिला वाटलं. दलदलीतून येणारा रस्ता लांबपर्यंत मोकळा होता.

दुपार कलल्यावर तिनं कुंपणापाशी येऊन हाक मारली. “सायलस, सुरी घेऊन ये. हंस कापायचाय.”

“मी? अहो, अ‍ॅम्ब्रोस...”

“आज नाताळ आहे ना रे.”

रात्री जेवायला सायलस कोपऱ्यातलं स्टूल ओढू लागला, तेव्हा थॉमसिननं पोराची खुर्ची अ‍ॅप्रननं पुसली आणि पुढे सरकवली.

“इथं बस,” ती म्हणाली. “निवतंय.”