मेंढ्यांचं औषध

बोलिव्हियाच्या उंच पठारावर त्या सकाळी फोर्तुनातो लिमाची आपल्या मेंढ्यांना औषध पाजत होता. एकेकीची पापणी खाली ओढायची. लाल दिसली तर सोडून द्यायची, पांढरीफटक दिसली की समजायचं, हिच्या कलेजीत पानासारखा चपटा किडा शिरलाय. अशा सात निघाल्या.

"ह्या सातांना ओढ्याकाठी ने," तो लेकीला म्हणाला. "आजारी जनावराला कोवळं गवत लागतं."

नऊ वर्षांची इल्दा उजवी कूस दाबून उभी होती. "ताता, इथं दुखतंय. आज नको ना."

"झालं सुरू! कामाचं नाव काढलं की हिचं दुखतं. आळशी कुठली!"

आईने फडक्यात उकडलेले बटाटे बांधून दिले. तोंडी लावायला ओढ्यातला तिखट पाला होताच. राखणीच्या पोरी तो कच्चाच खातात. मुलाला शाळा आणि मुलीला मेंढ्या, ही वाटणी त्या गावात कुणी केली ते विचारू नका. मोडायला कुणी धजत नव्हतं, एवढं खरं.

दुपारी इल्दा ओढ्याकाठी चक्कर येऊन पडली. फोर्तुनातोने तिला पाठुंगळी मारून दवाखाना गाठला. नर्स रेहिनाबाईंनी पोरीची पापणी खाली ओढली. पांढरीफटक. तसली पांढरी पापणी त्याने सकाळीच सात वेळा पाहिली होती.

"मेंढ्या कुठं चारता?" बाईंनी विचारलं.

"ओढ्याकाठी."

"त्यांच्या लेंड्यांतून किड्याची अंडी पाण्यात जातात. पाण्यातल्या गोगलगायीत किडा वाढतो, मग पाल्यावर चिकटतो, आणि तोच पाला ही खाते. मेंढ्यांना औषध कधी पाजता?"

"दर तीन महिन्यांनी. एकदाही चुकवलं नाही."

"आणि हिचं कधीपासून दुखतंय?"

फोर्तुनातोला सांगता येईना. मेंढ्यांची तारीख त्याला तोंडपाठ होती.

"मेंढ्यांना देता तेच औषध आहे हे," म्हणत बाईंनी गोळ्या इल्दाच्या हातावर ठेवल्या. पोर गोळ्यांकडे बघत राहिली. "ह्या सगळ्या मला? ताता, मेंढ्यांना कमी पडतील ना?"

बापाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंकडे बघायचीही त्याला लाज वाटली.

रविवारी गावसभेत तो टोपी काढून उभा राहिला. "मेंढ्या जगवायला निघालो आणि लेकीला ओढ्यावर मीच धाडत राहिलो. तिने सांगितलं, तर तिलाच आळशी म्हटलं. आता इल्दा शाळेत जाईल. मेंढ्या मी राखीन, ओढ्यापासून लांब. तो पाला आमच्या घरात कुणी कच्चा खाणार नाही."

"अरे वा! मग घागराही नेस की बायकोचा!" शेजारचा सेनोबियो ओरडला. सभा खो खो हसली. आठवड्यापूर्वी फोर्तुनातोही हसला असता.

"नेसेन," तो म्हणाला. "सेनोबियो, तुझी लेक सेलिया कशी आहे?"

"ठणठणीत! तिला काय धाड भरलीय?"

"तिला विचारलंस?"

सेनोबियोने तिला हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. सभेला बाप होते, भाऊ होते, कडेवरची पोरंही होती. राखणीच्या वयाची एकही मुलगी नव्हती. त्या घटकेला सगळ्या ओढ्याकाठी जेवायला बसल्या होत्या.