खांद्यावरचा हात

मी निगेटिव्हची पट्टी बोलतेय. हो, तीच, जिला तुम्ही उजेडाकडे धरता, काही कळत नाही म्हणून तोंड वाकडं करता आणि परत डब्यात कोंबता. काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं दाखवते म्हणून मला नावं ठेवू नका. त्या कामात माणसांचा हात कुणी धरणार नाही.

माझ्या अंगावर चार चित्रं आहेत. एक हललेलं, एकात फोटो काढणाऱ्याचं बोट, एकात नुसतंच फाटक. चौथं मात्र नामी. नवीकोरी स्कूटर, शेजारी ऐटीत उभा थोरला भाऊ आणि त्याच्या खांद्यावर हात टाकून खिदळणारा धाकटा. माझ्यावरून फोटो निघाला, तो आल्बममध्ये जाऊन बसला आणि माझी रवानगी बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात झाली. काम झालं की विसरायचं, ही तुमची जुनीच खोड.

पुढे भावाभावांचं बिनसलं. म्हाताऱ्या आईने कुणाकडे राहायचं यावरून. दोघांनाही ती हवी होती की दोघांनाही नको होती, देव जाणे. ती बिचारी गेली, भांडण मात्र राहिलं. मग थोरल्याने कात्री आणली आणि फोटोतला धाकटा कापून टाकला. या घराची रीतच ती. ज्याच्याशी अबोला, तो आल्बममधून बाद. एका मावशीचं तर नुसतं कोपर उरलंय.

पण खांद्यावरचा हात काही कापता येईना. तो कापावा तर थोरल्याचाच खांदा जायचा. त्यामुळे तो बिनमालकाचा हात तसाच राहिला. पाहुणे विचारायचे, "हा हात कुणाचा?" की घरचे लगेच विचारायचे, "चहा घेणार ना?"

इकडे डब्यात माझ्याजवळ अख्खा धाकटा शाबूत होता. कागद कापून मोकळ्या झालेल्या शहाण्यांना माझी आठवणही नव्हती.

यंदा धाकटा गेला. फोनवर कळलं. थोरलाही आता पिकलेला. भावाचा चेहरा एकदा बघावा म्हणून जीव तुटत होता, पण तोंडाने सांगेल तर शपथ. डबाभर पट्ट्यांतून मला शोधणं त्याच्या डोळ्यांना जमेना. तेव्हा मुलाला एवढंच म्हणाला, "त्या निगेटिव्ह जरा कॉम्प्युटरवर घे बघू. स्कूटरवाली आधी घे."

मुलगा उत्साही. उत्साही माणसांची मला धास्तीच वाटते. त्याने स्कॅनर आणला, दोन व्हिडिओ पाहिले आणि त्या विषयातला जाणकार झाला. जुन्या बनियनच्या फडक्याने मला खसाखसा पुसून एक नवा ओरखडा दिला. मग पालथी ठेवली. स्कूटरचा नंबर उलटा उमटला तेव्हा कुठे साहेबांच्या डोक्यात प्रकाश पडला.

सुलटी झाले आणि पडद्यावर अख्खा धाकटा आला. मुलगा चपापला.

"अगं, यात काका आहेत," तो बायकोला म्हणाला. "बाबांना उगाच त्रास होईल."

"मग काढून टाक ना. आता कुठे कात्री लागतेय?"

त्याने काकांना काढलं. वर सफाई म्हणून खांद्यावरचा हातही पुसला आणि तिथे शर्टाच्या रेघा भरल्या. कात्रीला निदान लाज होती, तिने हात ठेवला होता. काम फत्ते झाल्यावर मला कचऱ्याच्या पिशवीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी सगळे स्कॅन केलेले फोटो बघायला टीव्हीसमोर जमले. स्कूटर आली. थोरला उठून पडद्याजवळ गेला आणि नकळत त्याने स्वतःच्याच खांद्यावर हात ठेवला.

"हात कुठे गेला?"

"काढला, बाबा. बघा, किती स्वच्छ झालाय."

"पट्टी कुठाय?"

"ती होय? टाकली. स्कॅन झाल्यावर काय करायचीय?"

थोरला सरळ दाराबाहेर गेला आणि पिशवीत हात घातला. मुलगा ओशाळून मागे धावला. त्यानेच मला चहाच्या चोथ्यातून उपसून काढलं. थोरल्याने सदऱ्याच्या टोकाने मला हळूच टिपलं आणि खिडकीशी जाऊन उजेडाकडे धरलं. बराच वेळ बघत राहिला.

"पिकला की रे हा."

"बाबा, ते उलटं दिसतंय. काकांचे केस काळेच होते."

"शेवटी कसे होते? तू पाहिलेस? मीही नाही पाहिले."

मुलगा खाली मान घालून स्कॅनर लावायला गेला.

नंतर त्याने मला पुन्हा स्कॅन केलं. टीव्हीवर आता काका आहेत, हातही आहे. थोरला टीव्हीकडे पाहून मान डोलावतो आणि मग चष्म्याच्या घरातून मला बाहेर काढून खिडकीशी जातो. माझ्यात दोघांचेही केस पांढरे आहेत. अबोला नसता तर दोघं म्हातारपणी असेच शेजारी उभे राहिले असते.

तुमच्याही घरात असा एखादा डबा असेल. स्कॅन करा, नका करू, मला त्याचं सोयरसुतक नाही. पण एखाद्या म्हाताऱ्याने जुनी पट्टी मागितली, तर आपलं शहाणपण चालवण्याआधी त्याला विचारा, कशाला हवीय म्हणून. तो सांगणार नाही. तरी विचारा.