दहापैकी चार

शाळेत तिला सगळे पट्टीबाई म्हणत. मुरगळलेले घोटे, सुजलेले गुडघे, खरचटलेली कोपरं, सगळं शेवटी तिच्याच खोलीत येऊन टेकायचं. ही खोली हेडमास्तरांनी म्हणे खास तिच्यासाठी काढून दिली होती. आधी तिथे मोडकी बाकं ठेवत, एवढं सांगितलं म्हणजे तिच्या कामाचं कौतुक किती होतं ते कळेल. एकच मुलगी तिला आत्या म्हणे. ती तिच्या भावाची लेक होती आणि मुलींच्या फुटबॉल संघाची गोलकीपरही.

बाहेर अंतिम सामना सुरू झाला होता आणि ही गोलकीपर मात्र आत्यासमोर खाटेवर बसली होती. सोमवारी सरावात तिचं आणि संघातल्या सगळ्यात उंच मुलीचं डोकं एकमेकींवर आपटलं होतं. त्या उंच मुलीला सगळे जिराफ म्हणत.

असा मार बसला की आत्याची परीक्षा दिल्याशिवाय मैदानात पाऊल टाकता येत नसे. दहा शब्द ऐकायचे, पाच मिनिटांनी परत सांगायचे, वर्षाचे महिने उलटे म्हणायचे, डोळे मिटून एका पायावर उभं राहायचं. हंगाम सुरू होतानाच प्रत्येकीची ही परीक्षा घेऊन आत्या गुण वहीत लिहून ठेवी. डोकं दुखत नसलं आणि गुण पहिल्याइतकेच आले, तर सही. कमी आले तर घरी. जिराफ काल येऊन गेली होती. शब्द पहिल्या वेळी चार, कालही चार. आत्याने सही करून कागद तिच्या हातात दिला होता. भाचीचं डोकं मात्र कालपर्यंत ठणकत होतं, म्हणून तिची पाळी आज आली.

"हं, सांग."

"सुई, डोंगर, चादर... घड्याळ."

"आणि?"

"बस, एवढेच."

वहीत भाचीच्या नावापुढेही चारच होते. आत्याला हायसं वाटलं, आणि लगेच स्वतःचाच राग आला. कारण इथेच घोडं पेंड खात होतं. ही पोर चार शब्दांवर अडणारी नव्हे. घरात कोण कुणाला कधी काय बोललं, हे ती तारीखवार सांगायची. तिच्यादेखत भांडायचीसुद्धा सोय नव्हती. हंगामाच्या सुरुवातीला एकही मुलगी पाचाच्या पुढे गेली नाही, तेव्हा आत्याने मोबाईलच्या नावाने बोटं मोडली होती आणि वही मिटून टाकली होती. शहाणपण असतं तर तेव्हाच विचारलं असतं.

"कर ना सही, आत्या. निदान दुसरा हाफ तरी मिळेल."

"आणि मैदानात गरगरलं तर?"

"आत्याबाईला मिशा असत्या तर..."

"मिशांचं राहू दे. पहिल्या वेळी तुला खरंच चार आठवले होते?"

भाचीने बुटाची नाडी बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"रागावणार नाहीस ना?"

"रागावणार. सांग."

"सगळ्याच करतात गं. पहिल्या वेळी मुद्दाम चारच सांगायचे. म्हणजे पुढे डोकं आपटलं तरी गुण कमी झालेले दिसत नाहीत, कुणी बाहेर बसवत नाही. मोठ्या मुली दरवर्षी धाकट्यांना शिकवतात."

"तेव्हा खरे किती आठवले होते?"

"दहाच्या दहा."

"आणि आज किती लपवलेस?"

भाचीच्या बोटांतून नाडी निसटली.

"आज एकही नाही. मला वाटलं होतं, दहा आठवतील आणि त्यातले चार सांगेन. पण पुढे काही आलंच नाही, आत्या. मला भीती वाटतेय."

आत्याने भाचीला आडवं केलं, भावाला फोन लावून ताबडतोब गाडी घेऊन ये म्हणून सांगितलं आणि पोरीच्या केसांवरून हात फिरवला. फिरवता फिरवता हात थांबला.

"सगळ्याच म्हणालीस. जिराफही?"

"तिनेच तर मला शिकवलं."

बाहेर मैदानावर आरडाओरडा झाला. आत्याने दारातल्या शिपाईकाकांना भाचीजवळ बसवलं, तिला झोपू देऊ नका, बोलतं ठेवा, असं बजावलं आणि जी पळत सुटली ती थेट मैदानात शिरली. कॉर्नर मिळाला होता. कोपऱ्यातून चेंडू उंच येणार आणि जिराफ तो डोक्याने मारणार, हे प्रेक्षकांतल्या लहान पोरांनाही ठाऊक होतं. जिराफ गोलासमोर उभी होती. बाकीच्या मुली धक्काबुक्की करत जागा पकडत होत्या, ती मात्र नुसतीच उभी होती.

"थांबवा! खेळ थांबवा!"

पंचांनी शिट्टी फुंकली. प्रशिक्षक तणतणत आले. "पट्टीबाई, डोकं फिरलंय का तुमचं? तिचा कागद आहे माझ्याकडे. सही कुणाची आहे?"

"माझीच. चुकीची आहे ती."

तिने जिराफचे दोन्ही खांदे धरले. ओरडायला शब्द ओठांवर आले होते, पण तो चेहरा पाहून ते गिळून ती हळूच म्हणाली, "बाळा, काल माझ्या खोलीत तू किती शब्द लपवलेस? मी काही बोलणार नाही तुला."

जिराफ तिच्याकडे नम्रपणे बघत राहिली. वर्गात उत्तर येत नसलं की मुली बघतात तशी.

"काल?" ती म्हणाली. "काल मी आले होते तुमच्याकडे?"

मागे एक मुलगी फिसकन हसली. तिला ती थट्टा वाटली. आत्याने उभ्या संघाकडे पाहिलं. एकेकीच्या नावापुढे वहीत चार, चार, पाच, चार होते, आणि त्या सगळ्या गुणांखाली तिचीच सही होती.

"गाडी काढा," ती प्रशिक्षकांना म्हणाली, आणि जिराफचा हात घट्ट धरून चालू लागली.