उघड्या डोळ्यांचा टाळकरी

कमळाकर भोईर पडला तो ऐन नामगजरात. डोळे मिटून, मान जरा वर करून तो टाळकऱ्यांच्या रांगेत उभा होता. आधी डावीकडे झुलला, मग उजवीकडे, आणि शेजारच्याचा सदरा धरता धरता पखवाजावरच आडवा झाला. कीर्तनकार भला माणूस, त्यांनी नाम पुन्हा उचललं. पण रांगेचे म्होरके आण्णा वाकून त्याच्या कानाशी म्हणाले, "कमळाकर, गळ्यातल्या माळेची तरी लाज ठेव रं."

त्या बोलण्याचा अर्थ त्याला घरी गेल्यावर कळला. महिन्याभरापूर्वी उल्हासनगरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, वीस वर्षांच्या साखरेनं लिव्हरही खराब झालंय. त्यानं ते भोळेपणानं देवळाच्या पायरीवर सगळ्यांना सांगितलं होतं. आता लिव्हर म्हटलं की आपल्याकडे माणसाच्या डोळ्यांपुढे एकच बाटली येते. त्यात हा झुलून पडलेला. ज्यानं जन्मात दारूला हात लावला नाही, तो कात्रप गावभर माळ घालून पिणारा झाला.

त्यानं देवळात जाणं सोडलं. बायको जाऊन चार वर्षं झालेली, मूलबाळ नाही. दोन खोल्या, सकाळचा रेडिओ आणि खुंटीला अडकवलेले टाळ. दाराची बेल वाजायची ती मंगळवारी आणि शुक्रवारी, अंबरनाथहून अस्मिता यायची तेव्हा. ती फिजिओथेरपिस्ट. मांड्या काडीसारख्या झाल्यात, चालते करा, म्हणून डॉक्टरांनीच तिला धाडलेलं.

"खुर्चीतून उठा. हात न टेकता. आणि श्वास कोंडू नका काका, पोटावर जोर नको तुम्हाला."

"तोंडानं नाम घेतलं तर चालेल?"

"चालेल की. श्वास आपोआप सुटेल."

दहा वेळा उठणं, दहा वेळा बसणं. ओट्याला धरून टाचा उचलणं. शेवटी ती त्याचे तळवे उलटून बघायची, कुठे चिरलंय का, फोड आलाय का. त्याला स्वतःला ते कळत नसे. एका एकादशीला त्याला खुर्चीतच घेरी आली. तिनं आपला डबा उघडून त्याच्या पुढ्यात ठेवला.

"पोहे खा. अशा लिव्हरला उपास झेपत नाही. रिकाम्या पोटी व्यायाम तर नाहीच."

"एकादशी आहे पोरी."

"मग देवाला माझं नाव सांगा. म्हणावं, अस्मितानं मोडली."

त्यानं खाल्ले. घरात दुसऱ्या माणसासमोर बसून खाल्ल्याला किती दिवस झाले, हे मोजायचं त्यानं टाळलं.

पुढच्या मंगळवारी तिनं त्याला पाय जुळवून उभं केलं. "आता डोळे मिटा." मिटले तसा तो झुलू लागला. तिनं दोन्ही खांद्यांना धरलं.

"बघितलंत? साखरेनं तळव्यांच्या नसा गेल्यात. पायांना जमीन कळत नाही. डोळे सांगतात म्हणून तुम्ही उभे आहात."

"म्हणजे त्या दिवशी मी पडलो तो..."

"डोळे मिटले म्हणून. आमच्या विहारातही वंदनेला डोळे मिटतात, पण बसून. तुम्ही उभ्यानं मिटता, तिथेच घोळ झाला."

तो खुर्चीत बसला. मग म्हणाला, "हे आण्णाला सांगशील?"

"मी सांगेन. पण ते म्हणतील, कमळाकरनं पढवून पाठवली. तुम्ही उभे राहून दाखवा."

देवळातल्या सप्ताहाला सहा आठवडे होते. शेवटच्या दिवशीच्या काल्याच्या कीर्तनाला रांगेत उभं राहायचं, एवढंच त्यानं मनाशी धरलं. तिनं अट घातली: न्याहारी करून जायचं, एक तासच उभं राहायचं, आणि डोळे उघडे.

"उघड्या डोळ्यांनी नाम घ्यायचं?"

"देव काय फक्त मिटल्यावर दिसतो?"

काल्याच्या सकाळी तो रांगेच्या टोकाला जाऊन उभा राहिला. कुणी हटकलं नाही. शेजारचा मात्र हातभर सरकला. त्या हातभर जागेतून वारा येत होता, टाळांचा आवाज विरळ लागत होता. पूर्वी डोळे मिटलेले असत, कोण कसं बघतं हे दिसायचंच नाही. आज सगळं दिसत होतं. पदराआडचं कुजबुजणं, आण्णांची तिरकी नजर, कुणाचं तरी कोपरानं ढोसणं. पाय फाकवून, न हलणाऱ्या वस्तूवर नजर ठेवायची, असं अस्मितानं सांगितलं होतं. त्यानं देवाच्या डोळ्यांवर नजर ठेवली आणि टाळ वाजवला.

गजर चढला. एकेकाचे डोळे मिटत गेले. कुजबुजणाऱ्या बायांचे, शेजारच्याचे, आण्णांचेही. शे-दीडशे माणसं आत कुठेतरी गेली आणि तो एकटा बाहेर राखणीला राहिल्यासारखा उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले. तेवढ्यापुरतेही त्यानं मिटले नाहीत. तो पडला नाही.

हंडी फुटली, दहीलाह्या वाटल्या गेल्या. मग रिवाजाप्रमाणे सगळे एकमेकांच्या पाया पडू लागले. थोरला धाकट्याच्या, धाकटा थोरल्याच्या. ही गर्दी आपल्याला वगळून पुढे सरकणार, हे धरून तो देवाकडेच बघत राहिला. पायाशी कुणी आलं तरी त्याला कळणार नव्हतं. ते पाय आता काही सांगत नव्हते.

पण फार वेळ कुणाची तरी सावली हलेना, म्हणून त्यानं खाली बघितलं. आण्णांचं टक्कल दिसलं. त्यांचे दोन्ही तळहात त्याच्या पावलांवर होते, केव्हापासून कोण जाणे.

"आण्णा, उठा," तो म्हणाला. "मला कळलंच नाही हो. साखरेनं पाय बधिर झालेत."

"मला तरी कुठं कळलं होतं," आण्णा खालूनच म्हणाले.

त्यानं वाकून त्यांचे खांदे धरले, आणि वाकताना श्वास कोंडला नाही.