सातवी मागणी

नवरा-बायको मिळून एक कोयता, असा आमच्या धारूरच्या डोंगरपट्ट्यातला हिशेब आहे. नवरा ऊस तोडतो. बायको मोळ्या बांधते, डोक्यावर घेते आणि फळीवरून ट्रकवर चढते. मुकादम टोळी मोजतो ती कोयत्यांत. माणसांत मोजली तर आकडा उगाच फुगतो.

गेल्या हंगामात आसारामचा अर्धा कोयता फळीवरून पडला. म्हणजे त्याची बायको रुक्मिणीबाई, मोळीसकट. दवाखान्यात न्यायला कारखान्याची गाडी नुसती ‘येतेय’ होती. तेव्हा ऊसतोड संघटनेचे अध्यक्ष अर्जुनराव टोळ्या घेऊन कारखान्याच्या गेटात आडवे झोपले. गाळप थांबल्यावर गाडी लगेच सापडली, दवाखान्याचा खर्चही मंजूर झाला. संघटना नसती तर रुक्मिणीबाई त्या फडातच, पाचटात पडून राहिली असती. हे गावात कोणीही सांगेल. ती स्वतःही सांगते. ती वाचली, चालती झाली. फक्त वाकता येईना, आणि ऊस उभ्याने बांधता येत नाही.

अर्धा कोयता कोणी मुकादम टोळीत घेत नाही. घरात उरली पोरगी दीपमाला, दहावीतली. तिला धरलं की कोयता पुरा होत होता. हे सगळ्यांना दिसत होतं, पण गावाला रीतभात आहे, त्यामुळे बोलत कोणी नव्हतं.

दसऱ्याआधी संघटनेने संप पुकारायचं ठरवलं. रुक्मिणीबाई अर्जुनरावांकडे गेली आणि म्हणाली की एवढं एक मागा, एकट्या माणसालाही टोळीत काम मिळू द्या, म्हणजे पोरगी शाळेत राहील. अर्जुनरावांनी ते तिथल्या तिथे मागण्यांत घातलं, सातव्या क्रमांकावर. मनाने माणूस वाईट नव्हता. ते स्वतः मुकादमही होते. त्यात कोणाला वावगं वाटत नसे. उलट संघटनेला मुकादमांशी बोलायचं असलं की अध्यक्षांना घराबाहेर पडावं लागत नसे.

दीपमालाचा आवाज खणखणीत निघाला. सभेत मागण्या वाचायला तिलाच उभं करू लागले. ती माईकवर ओरडायची, “ऊसतोड कामगारांच्या एकजुटीचा...” आणि सगळं मैदान म्हणायचं, “विजय असो!” ही पोरगी कलेक्टर होणार, असं अर्जुनराव प्रत्येक सभेत जाहीर करत. सातवी मागणी वाचताना तिचा आवाज थोडा वर जाई. लोकांना वाटे, सवय आहे.

संप चांगला झाला. कोयते घरात राहिले. सिरसाळ्याकडची एक टोळी गुपचूप निघाली होती, तिचा ट्रक कार्यकर्त्यांनी घाटात अडवून टायरची हवा सोडली. त्या टोळीतल्या बाया तान्ही पोरं घेऊन दिवसभर उन्हात बसल्या आणि एकजुटीला आईबहिणीवरून शिव्या देत राहिल्या. हवा सोडणाऱ्यांत आसाराम होता. त्याने नंतर त्यांना पाणी नेऊन दिलं. त्यांनी घेतलं नाही.

मग एक दिवस पुण्याहून, बोलणी चालली होती तिथून, अध्यक्षांचा फोन आला. मारुतीच्या पारावर माणसं जमली. कोयत्यातर्फे नवऱ्याने यायचं ही रीत, त्यामुळे बाया नव्हत्या. फोनचा आवाज मोठा करून मधे ठेवला. अध्यक्ष म्हणाले, भाववाढ पक्की होतेय, पण तीन आणि सात सोडाव्या लागतील. मंजूर असेल तर हात वर करा. फोनवरून हात दिसत नाहीत हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. सगळ्यांनी केले.

आसाराम खुशीतच घरी आला. दीपमाला चुलीपुढे भाकरी थापत होती, रुक्मिणीबाई भिंतीला टेकून उभी होती. भाव वाढला, त्याने सांगितलं, नुसत्या दोन मागण्या सोडल्या.

“कोणत्या?”

“तीन अन् सात.”

दीपमालाने हात थांबवून बापाकडे बघितलं. “दादा, सातवी आपली होती.”

तव्यावरची भाकरी करपली. कोणी उलटली नाही.

“तुमी हात वर केलता?” रुक्मिणीबाईने विचारलं.

“समद्यांनीच केलता.”

“मी तुमचं इचारतेय.”

आसारामने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. “त्या माणसानं तुला फडातून उचलून आनलं,” तो म्हणाला. “त्याच्याम्होरं हात खाली कसा ठिवायचा?”

करार करून अध्यक्ष परतले, त्यांची मिरवणूक निघाली. दुसऱ्या दिवशी रुक्मिणीबाई एकटी अर्जुनरावांकडे गेली. त्यांच्या कानामागे अजून मिरवणुकीचा गुलाल होता. तिला बसायला त्रास होतो म्हणून तेही उभेच राहिले.

“वहिनी, कारखान्याला अर्ध्या-पुऱ्याचं काई पडलेलं न्हाई,” ते म्हणाले. “आपलीच मानसं नको म्हनली. एकट्याच्या वाटच्या मोळ्या दुसऱ्याच्या बायकूनं कावून उचलायच्या?”

नेकनूरची विधवा भिवराबाई टोळीत यायचं म्हणत होती, तेव्हा हेच वाक्य रुक्मिणीबाईने म्हटलं होतं, जवळपास याच शब्दांत.

अर्जुनरावांनी मार्ग काढला. आसाराम आणि पोरगी त्यांच्याच टोळीत येतील. परीक्षेला मार्चात पाठवून देऊ, ही आपली जबाबदारी. मार्चात हंगाम चालूच असतो, हे दोघांनाही माहीत होतं.

“भाऊ,” रुक्मिणीबाई म्हणाली, “तुमची स्वप्नाली कोन्त्या कोयत्यात हाय?”

स्वप्नाली लातूरला शिकवणीला होती. अर्जुनरावांनी आत चहा सांगितला.

ट्रक निघाले तेव्हा त्यांना संघटनेचे झेंडे बांधले होते. भाववाढ खरी होती. म्हाताऱ्यांच्या आठवणीत एवढी झाली नव्हती. ट्रकमध्ये भांडी, बाजल्या, शेळ्या आणि वर माणसं. दीपमाला एका पोत्यावर बसली होती. दप्तर कुठे ठेवलंय, ते दिसत नव्हतं. रुक्मिणीबाई खाली उभी होती. वर डबा द्यायचा राहिला होता आणि तो जमिनीवर होता. शेवटी तो शेजारणीने उचलून दिला.

अर्जुनरावांनी नारळ फोडला, माईक हातात घेतला आणि तो दीपमालापर्यंत वर पोचवला. “दे बाई घोषणा, एकदा शेवटची.”

तिने माईक घेतला. तोंडाशी धरला. आईकडे बघत राहिली. माईकमधून नुसता तिचा श्वास ऐकू येत होता.

गर्दी थोडा वेळ थांबली. घोषणेला लागतो तेवढाच. मग सवयीने सगळे एका आवाजात म्हणाले, “विजय असो!”

आसारामचा हात वर गेला होता.

ट्रक सुरू झाला.