पुराव्याचा ठसा

मुलुंडच्या स्टेशनाकडे जाणाऱ्या फुटपाथचं भूमिपूजन माजी नगरसेवक भाऊंनी चार वेळा केलं होतं. फुटपाथ मात्र एकदाही झाला नाही. चौथ्या पूजेसाठी खणलेल्या खड्ड्यात विद्याधरांचा पाय मोडला आणि त्यांच्या बायकोचं, वसुधाबाईंचं, डोकं फिरलं. आयुष्यभर शाळेत मुलांना फुलदाण्यांची चित्रं काढायला शिकवलेली बाई ती.

त्यांनी तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर दिला, सुईने त्यात भाऊ कोरले, पत्रा आम्लात बुडवला आणि रेघांत शाई भरून कागदावर ठसा काढला. भाऊ ऐटीत नारळ फोडतायत, भोवती करवंट्यांचा ढीग आणि खड्ड्यातून वर आलेला प्लास्टरचा पाय. वाचनालयाच्या भिंतीवर चित्र लागलं, तसे एरवी न फिरकणारे लोकही वाचनालयात येऊ लागले.

निवडणूक तोंडावर होती. भाऊंचा माणूस सुयोग आला. पाय चालेल म्हणाला, पण भाऊंचं पोट जरा कमी करा.

"आम्लाने खाल्लेली रेघ पुसता येत नाही रे," बाई म्हणाल्या. "वर आणखी मारता येते."

मग भाऊंच्या धाकाने वाचनालयाच्या विश्वस्तांची पाचावर धारण बसली. बाईंचं ठसे काढायचं यंत्र वाचनालयाच्याच मागच्या खोलीत होतं. पत्रा बाद करा, नाहीतर खोली रिकामी करा, असा निरोप आला. ते धूड दोन खोल्यांच्या घरात मावणार कुठे? यंत्र गेलं की आपलं सगळंच संपलं, म्हणत बाई विद्याधरांपुढे ढसाढसा रडल्या. मग तोंड धुऊन त्यांनी सुयोगला बोलावलं.

पत्रा बाद करायची आमच्यात रीत असते, त्यांनी समजावलं. त्यावर मोठी फुली मारायची आणि पुरावा म्हणून फुलीसकट एक ठसा काढायचा. सुयोगने तिथूनच फोन लावला. भाऊ खूश झाले. एकच कशाला, पन्नास काढा म्हणाले, वॉर्डातल्या प्रत्येक फलकावर लावा, चित्र रद्द झाल्याचं लोकांना कळू दे.

बाईंनी पन्नास काढले. कार्यकर्त्यांनी मन लावून चिकटवले. दुसऱ्या दिवशी अख्ख्या वॉर्डात भाऊंच्या तोंडावर फुली होती आणि लोक तिच्याशेजारी उभे राहून सेल्फी काढत होते.

तिसऱ्या दिवशी सुयोग लंगडत आला. घाईघाईत तोही त्याच खड्ड्यात पडला होता. पोट राहू दे, पाय राहू दे, पण ती फुली तेवढी काढा, असं भाऊंनी हात जोडून सांगितलं होतं.

वसुधाबाईंनी आधी त्याच्या गुडघ्याला हळद लावली. मग सुई उचलली.

"काढता येत नाही रे. आणखी एक मारू?"